वार्षिक बेरजेतला सूर्य

स्टॉकहोममध्ये एका चौरस मीटर सपाट जमिनीवर वर्षभरात सुमारे १,००० किलोवॅट-तास सौर ऊर्जा पडते. पुण्यात हा आकडा याच्या दुपटीच्या आसपास जातो. उत्तरेकडच्या त्या शहराला आपल्या निम्म्याने तरी सूर्य मिळतो, हे ऐकून वर्गातील बहुतेक विद्यार्थ्यांना आश्चर्य वाटेल.

या एका आकड्यावरून दोन परस्परविरोधी निष्कर्ष काढले जातात. एक पक्ष म्हणतो, निम्माच सूर्य आहे, तेव्हा उत्तरेकडील शहरांनी सौर ऊर्जेच्या नादी लागू नये. दुसरा पक्ष म्हणतो, निम्मा म्हणजे काही थोडा नव्हे. शहरातील छपरांचे क्षेत्रफळ मोजा, त्याला या आकड्याने आणि पट्टिकांच्या कार्यक्षमतेने गुणा, म्हणजे शहराची किती गरज भागेल ते कळेल. 'सौर नगरां'विषयीच्या लोकप्रिय लेखांत, प्रदर्शनांत आणि शाळांपर्यंत पोहोचणाऱ्या तक्त्यांत हा दुसरा हिशेब हमखास आढळतो.

आमचा आक्षेप दोन्ही पक्षांवर आहे. दोघेही वर्षाची बेरीज करतात. पण थंडीत घर उबदार ठेवायचे असते ते त्या दिवशी, त्या रात्री. जास्त अक्षांशावरील शहरात सूर्याचा प्रश्न हा मुख्यतः ऋतूचा, सावलीचा आणि साठवणीचा प्रश्न आहे. या तिन्हींपैकी एकही एकट्या घरमालकाला आपल्या छपरावर सोडवता येत नाही. म्हणूनच तो नगररचनेचा प्रश्न ठरतो.

बेरीज काय लपवते

दोन आकडे घेऊन सुरुवात करू. स्टॉकहोमचा अक्षांश सुमारे ५९.३ अंश उत्तर. २१ डिसेंबरच्या मध्यान्ही तेथे सूर्याचा उन्नतांश ९० − ५९.३ − २३.४ म्हणजे केवळ ७.३ अंश असतो. २१ जूनला तो ५४.१ अंश होतो. सपाट जमिनीवर पडणारी ऊर्जा उन्नतांशाच्या साइनच्या प्रमाणात असते. ५४.१ अंशांची साइन ०.८१ आणि ७.३ अंशांची ०.१३, म्हणजे मध्यान्हीच्या तीव्रतेतच सहा पटींहून अधिक फरक पडला. जूनमधील दिवस साडेअठरा तासांचा, तर डिसेंबरमधील सहा तासांचा; हा आणखी तीन पटींचा फरक. दोन्ही मिळून जवळजवळ वीस पट तफावत येते. वातावरण आणि ढग अजून हिशेबात धरलेलेच नाहीत. डिसेंबरच्या मध्यान्ही किरणांना, सूर्य डोक्यावर असताना कापावी लागते त्याच्या सुमारे साडेसात पट हवा कापत यावे लागते.

आता गरज पाहा. घर तापवण्याची गरज नेमकी याच्या उलट चालते: जूनमध्ये जवळपास शून्य आणि डिसेंबर-जानेवारीत सर्वाधिक. पुरवठ्याचा आलेख डोंगरासारखा आणि मागणीचा आलेख दरीसारखा, अशी ही स्थिती. दोन्ही आलेखांखालची क्षेत्रफळे सारखी आली म्हणून गरज भागली असे म्हणणे म्हणजे, आषाढात आलेला पूर आणि वैशाखातील टंचाई यांची सरासरी काढून गावाला पाणी पुरेसे आहे असे सांगण्यासारखे आहे.

छप्पर आणि भिंत

वार्षिक बेरजेचा दुसरा दोष असा की ती नजर छपरावर खिळवून ठेवते. हिवाळ्यातला सूर्य क्षितिजाजवळ असतो, त्यामुळे त्याचे किरण सपाट छपरावर तिरपे सरपटत जातात, पण दक्षिणेकडील उभ्या भिंतीवर जवळजवळ लंब पडतात. वरच्याच दिवशी स्टॉकहोममध्ये मध्यान्हीच्या थेट किरणांपासून दक्षिण भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरला सपाट छपराच्या सुमारे आठ पट ऊर्जा मिळते (७.३ अंशांची कोसाइन ०.९९, साइन ०.१३). आकाश ढगाळ असेल तर प्रकाश सर्व बाजूंनी विखरून येतो आणि ही तफावत पुष्कळ कमी होते, हे खरे. तरीही निरभ्र, कडाक्याच्या थंडीच्या दिवशी, म्हणजे गरज सर्वांत जास्त असताना, भिंत आणि खिडकी हीच खरी संग्राहक असतात. जमिनीवर बर्फ असेल तर त्यावरून परावर्तित होणारा प्रकाशही भिंतीलाच मिळतो आणि उभ्या पट्टिकेवर बर्फ साचून राहत नाही.

उत्तरेतील वास्तुरचनाकारांना ही गोष्ट नवी नाही. राल्फ अर्स्किन या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि स्वीडनमध्ये स्थायिक झालेल्या वास्तुरचनाकाराने १९५०च्या दशकाच्या अखेरीस उपध्रुवीय शहराची एक कल्पना मांडली होती. उत्तरेच्या बाजूला भिंतीसारखी लांबलचक इमारत उभी करून वारा अडवायचा आणि तिच्या दक्षिणेला, उन्हाच्या बाजूला, लहान घरे वसवायची, असा तिचा गाभा होता. स्वीडनच्या उत्तर टोकाकडील स्वाप्पावारा या खाणगावात १९६०च्या दशकात तशी लांब इमारत बांधलीही गेली. योजना मात्र अर्धवट राहिली आणि पुढे त्या इमारतीचा काही भाग पाडण्यात आला. यश-अपयश बाजूला ठेवले तरी येथे सूर्याचा विचार रस्ते आखण्यापूर्वी झाला होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आजचे कायदे पाहिले तर बहुधा उलट क्रम दिसतो. बर्लिनमध्ये १ जानेवारी २०२३ पासून, काही अपवाद सोडता, नव्या इमारतीच्या छपराच्या किमान ३० टक्के क्षेत्रावर सौर पट्टिका बसवणे सक्तीचे झाले. २०२४ मध्ये युरोपीय संघाने इमारतींच्या ऊर्जावापराविषयीचा सुधारित निर्देश काढला. नव्या इमारती सौर साधनांना अनुकूल अशा रचाव्यात आणि टप्प्याटप्प्याने ती साधने बसवावीत, असे त्यात म्हटले आहे. ही पावले स्वागतार्ह आहेत. उन्हाळ्यात या पट्टिका भरपूर वीज देतात आणि तेवढे इंधन वाचते. मात्र हे नियम एकेका इमारतीला उद्देशून आहेत. शेजारच्या भूखंडावर उद्या उंच इमारत आली तर या भिंतीवरचे ऊन जाईल की राहील, हे नगराच्या आराखड्यावर अवलंबून आहे.

सावलीची तारीख

सावलीचा हिशेब शाळेतल्या टॅन कोष्टकावर होतो. स्टॉकहोममध्ये २० मीटर उंच, म्हणजे साधारण सहा मजली इमारतीची मध्यान्हीची सावली २१ जूनला सुमारे साडेचौदा मीटर, विषुवदिनी ३४ मीटर आणि २१ डिसेंबरला १५६ मीटर पडते. पुण्यात हीच इमारत २१ डिसेंबरला केवळ १८ मीटर सावली टाकते.

आता नगररचनाकाराची अडचण कळेल. डिसेंबरमध्येही प्रत्येक घराच्या तळमजल्याला ऊन मिळावे असा नियम केला, तर दोन इमारतींत दीडशे मीटरांवर अंतर सोडावे लागेल. असे शहर इतके विरळ होईल की रोजच्या प्रवासात आणि लांबच लांब पसरलेल्या नळांत सूर्याने वाचवलेली ऊर्जा खर्चून जाईल. उलट, जूनची तारीख धरली तर इमारती हव्या तितक्या जवळ आणता येतील आणि हिवाळाभर निम्मे शहर सावलीत राहील. म्हणून अनेक ठिकाणी मधला मार्ग म्हणून विषुवदिन निवडला जातो. उदाहरणार्थ, ब्रिटनमधील इमारत संशोधन संस्थेच्या मार्गदर्शिकेने २०११ साली अशी शिफारस केली की बागा व मोकळ्या जागांच्या किमान निम्म्या भागाला २१ मार्च रोजी दोन तास ऊन मिळावे.

ही तारीख निसर्गाने ठरवलेली नाही, ती माणसांनी निवडलेली आहे. कोणाच्या खिडकीत किती महिने ऊन येणार आणि किती महिने येणार नाही, हे त्या तारखेने ठरते. वरच्या मजल्यावरच्याला याची झळ लागत नाही. तळमजल्यावर राहणाऱ्याला लागते. असे असूनही सौर नगरांवरील लेखनात या निवडीची चर्चा फारशी होत नाही. छपरांचे रंगीत नकाशे छापले जातात, पण सावलीची तारीख कोणती धरली हे वाचकाला सांगितले जात नाही. असा नकाशा समोर आला की शिक्षकांनी पहिला प्रश्न हाच विचारावा, असे आम्ही सुचवतो.

नॉर्वेतील र्‍यूकान या गावाचे उदाहरण येथे बोलके आहे. हे गाव खोल दरीत वसले आहे. सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत गावात सूर्य दिसत नाही. कारण सूर्य उगवत नाही हे नव्हे, तर डोंगराची सावली गावावर पडते. लोकांना वर उन्हात जाता यावे म्हणून तेथील उद्योगसंस्थेने १९२८ मध्ये रज्जुमार्ग बांधला. २०१३ मध्ये डोंगरावर सूर्याबरोबर फिरणारे तीन आरसे बसवण्यात आले. त्यांचे एकत्रित क्षेत्रफळ सुमारे ५१ चौरस मीटर आहे आणि ते गावाच्या चौकातील सुमारे ६०० चौरस मीटर जागा उजळतात. वृत्तपत्रांनी याकडे गंमत म्हणून पाहिले. ऊर्जेच्या दृष्टीने त्याचे मोल नगण्यच आहे. पण हे ऊन कोणा एकाच्या अंगणात न टाकता सर्वांच्या चौकात टाकले गेले, ही निवड नगररचनेची आहे.

माल्मोचे शंभर टक्के

स्वीडनमधील माल्मो शहराच्या पश्चिम बंदरात, जुन्या जहाजबांधणी कारखान्याच्या जागेवर, २००१ साली 'बो ०१' हे गृहनिर्माण प्रदर्शन भरले आणि त्यातून एक कायमची वसाहत उभी राहिली. 'शंभर टक्के स्थानिक व पुनर्निर्माणक्षम ऊर्जा' हे तिचे ब्रीद होते. सौर नगरांच्या बहुतेक पुस्तकांत तिचे चित्र असते, आणि त्या चित्रात सौर संग्राहक ठळकपणे दिसतात.

हिशेब तपासला तर काय दिसते? वसाहतीत सुमारे १,४०० चौरस मीटर सौर उष्णता-संग्राहक आणि १२० चौरस मीटर सौर घट होते. त्यांचा वाटा लहान होता. विजेचा मुख्य भार दोन मेगावॅटच्या एका पवनचक्कीवर आणि उष्णतेचा मुख्य भार भूजल व समुद्राच्या पाण्यातून उष्णता खेचणाऱ्या उष्णतापंपावर होता. 'शंभर टक्के' हा आकडा वार्षिक ताळेबंदाचा होता: जादा झालेली ऊर्जा शहराच्या जालाला द्यायची आणि कमी पडली की परत घ्यायची. प्रत्येक चौरस मीटर मजल्यामागे वर्षाला १०५ किलोवॅट-तास वापराचे लक्ष्य ठरले होते. प्रत्यक्ष मोजणीत अनेक इमारतींनी ते बरेच ओलांडले. समुद्राचे दृश्य दिसावे म्हणून ठेवलेल्या काचेच्या मोठमोठ्या खिडक्या हे त्यामागचे एक कारण होते.

या वसाहतीला अपयशी ठरवण्याचा आमचा हेतू नाही. वारा हिवाळ्यात अधिक वाहतो, त्यामुळे पवनचक्कीची निवड ऋतूच्या दृष्टीने शहाणपणाची होती. जमिनीखालच्या चुनखडीतील पाण्याच्या थरात उन्हाळ्याची ऊब आणि हिवाळ्याचा गारवा साठवण्याची योजना तर फारच चांगली होती. आमची तक्रार आहे ती या वसाहतीचे जे वर्णन केले जाते त्याबद्दल. वाचकाच्या मनात ठसते ते छपरावरचे सौर घट. काम करतात ते वारा, पंप आणि भूमिगत साठा. विद्यार्थ्यांपुढे चित्र ठेवायचे तर तो साठा दाखवणारे ठेवले पाहिजे.

उन्हाळा साठवायचा तर

उन्हाळ्यातली उष्णता हिवाळ्यापर्यंत टिकवणे शक्य आहे का? याचे उत्तर साठ्याच्या आकारात दडलेले आहे. एक मीटर बाजूच्या घनाकृती टाकीत एक घनमीटर पाणी मावते आणि तिचे पृष्ठफळ सहा चौरस मीटर असते. बाजू ४२ मीटर केली तर सुमारे ७५,००० घनमीटर पाणी मावते आणि दर घनमीटरमागे पृष्ठफळ उरते फक्त ०.१४ चौरस मीटर. उष्णता पृष्ठभागातून निसटते, म्हणून तितकेच वेष्टन असलेली मोठी टाकी लहान टाकीपेक्षा ४२ पट सावकाश निवेल. लहान टाकी आठवड्यात निम्मी निवत असेल, तर मोठीला ४२ आठवडे लागतील. पेल्यातला चहा लगेच गार होतो आणि पातेल्यातला टिकतो, तोच हा नियम.

शिवाय, एक घनमीटर पाणी ६० अंशांनी तापवले तर त्यात सुमारे ७० किलोवॅट-तास साठतात. थंड प्रदेशातल्या घराला हिवाळ्यात दहा हजार किलोवॅट-तास सहज लागतात. प्रत्येक घराने स्वतःपुरता साठा करायचा म्हटले तर दीडशे घनमीटरच्या आसपास टाकी हवी, आणि तीही गळणाऱ्या उष्णतेचा विचार न करता. एकट्या घराला हे परवडणारे नाही. गावाला परवडते.

डेन्मार्कने हे करून दाखवले. तेथील सुमारे दोन तृतीयांश घरे सामायिक उष्णताजालाला जोडलेली आहेत. गरम पाणी एका ठिकाणाहून नळांनी घरोघर जाते. मार्स्टाल या लहान गावात, ग्राहकांच्याच मालकीच्या सहकारी संस्थेने १९९६ पासून सौर संग्राहक बसवायला सुरुवात केली. २०१२ पर्यंत त्यांचे क्षेत्र सुमारे ३३,००० चौरस मीटर झाले आणि ७५,००० घनमीटरचा, वरून झाकलेला, पाण्याचा खड्डाही तयार झाला. गावाची निम्म्याच्या आसपास उष्णता यातून मिळू लागली. (असा खड्डा घनाकृती नसून उथळ असतो, त्यामुळे वरचा आमचा हिशेब थोडा उदार आहे.) वॉयन्स येथील खड्डा दोन लाख घनमीटरचा आहे. हे संग्राहक छपरांवर नाहीत. गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर आहेत. जमीन राखून ठेवणे, नळ टाकणे, मालकी ठरवणे, ही सारी कामे आराखड्यातली आहेत. अलीकडे उष्णतापंप स्वस्त झाल्याने तेथे नव्या सौर क्षेत्रांचा वेग मंदावला आहे, हेही सांगितले पाहिजे. पण जाल आणि खड्डे पंपांनाही उपयोगी पडतात.

ओकोटोक्सचा धडा

कॅनडातील ओकोटोक्स या गावी २००७ साली ५२ घरांची एक वसाहत सुरू झाली. घरांमागील गॅरेजांच्या छपरांवर सुमारे ८०० संग्राहक आणि जमिनीत सुमारे ३५ मीटर खोलीची १४४ विवरे, अशी तिची रचना होती. उन्हाळ्यात या विवरांभोवतालची माती तापवायची आणि हिवाळ्यात तीच उष्णता घरांना द्यायची. माती तापायला काही वर्षे लागली. पुढे वर्षामागून वर्षे घरे तापवण्याची नव्वद टक्क्यांहून अधिक गरज सूर्याने भागवली आणि २०१५-१६ च्या हिवाळ्यात ती पूर्ण शंभर टक्के भागली. हे शंभर टक्के माल्मोपेक्षा वेगळ्या जातीचे आहेत: ही ऊब खरोखरच हिवाळ्यात मिळत होती. सौर ऊर्जा उत्तरेत निरुपयोगी आहे असे म्हणणाऱ्यांना याहून स्वच्छ उत्तर नाही.

पुढची हकिकत मात्र सौर ऊर्जेच्या गौरवलेखांत क्वचितच येते. यंत्रणा जुनी होत गेली, बिघाड वाढले, सुटे भाग मिळणे कठीण झाले, आणि २०२४ मध्ये ती बंद करून घरे नैसर्गिक वायूच्या भट्ट्यांकडे वळवण्याचा निर्णय झाला. भौतिकशास्त्र चुकले नव्हते. ५२ घरांचा साठा लहान होता. चौथ्या वर्षीसुद्धा जमिनीत घातलेल्या उष्णतेपैकी निम्मीच्या आसपास परत मिळाली. दुरुस्तीचा बोजा वाटून घ्यायला घरेही मोजकीच होती आणि तशी दुसरी वसाहत शेजारी नव्हती. एकुलता एक नमुना कितीही उत्तम असला तरी त्याच्यासाठी सुटे भाग बनवणारा कारखाना चालत नाही. मार्स्टालची यंत्रणा गावाच्या जालाचा भाग होती. ओकोटोक्सची गावापासून वेगळी, प्रयोग म्हणून उभी होती. प्रयोग जिंकला आणि वसाहत हरली, ती या फरकामुळे, असे आमचे मत आहे.

कसोट्या

सौर नगराविषयी एखादा लेख किंवा तक्ता हाती आला, तर त्याला पुढील प्रश्न विचारावेत. आकडा वर्षाचा आहे की डिसेंबरचा? सावलीची तारीख कोणती धरली? शेजारच्या भूखंडावर काय बांधता येईल हे सांगितले आहे काय? उष्णता किंवा वीज कोठे, किती काळ साठते? आणि वीस वर्षांनंतर दुरुस्ती कोण करणार? या पाचांची उत्तरे नसतील तर तो लेख जाहिरातीच्या जवळचा समजावा.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सौर तापन कार्यक्रमात २०१३ ते २०१७ या काळात नगररचनेतील सौर ऊर्जेवर स्वतंत्र काम झाले; तज्ज्ञांना हे प्रश्न ठाऊक आहेत. ते सामान्य वाचकापर्यंत आणि वर्गापर्यंत पोहोचत नाहीत, हे दुखणे आहे.

वर्गात यासाठी उपकरणे लागत नाहीत. विद्यार्थ्यांना अक्षांश द्यावेत, २० मीटरच्या इमारतीची सावली वर्षातील तीन दिवसांसाठी काढायला सांगावी आणि त्यावरून रस्त्याची रुंदी ठरवायला सांगावी. एका गटाने तळमजल्यावरच्या रहिवाशाची बाजू घ्यावी, दुसऱ्याने दाट वस्तीची. आपल्या शहरांना या नियमांची नक्कल उपयोगाची नाही. आपल्याकडे वैशाखात सावलीच हवी असते. पण सूर्य वाटून घेण्याचे नियम आराखड्यात लिहावे लागतात आणि ते लिहिताना कोणाच्या तरी खिडकीचा निर्णय होतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांना स्टॉकहोमच्या १५६ मीटर सावलीवरून जितकी सहज कळेल तितकी आपल्या १८ मीटरांवरून कळणार नाही.